‘हिला दूध पुरत नाही’ असं म्हणण्याआधी

बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एक वाक्य घराघरांत ऐकू येतं. बाळ रडत असतं, छातीला लावलं की चार घोट पिऊन पुन्हा रडतं, बाळंतीण थकून रडकुंडीला आलेली असते, आणि खोलीतलं कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, “हिला दूधच पुरत नाही. थोडं वरचं पाजून बघू.” बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण अंगावरचं दूध कमी होत जाण्याची सुरुवात बऱ्याचदा याच वाक्यापासून होते.

हा लेख त्या रात्रीसाठी आहे. तो शक्यतो बाळंतपणाआधी, सातव्या-आठव्या महिन्यातच वाचावा, आणि बाळंतिणीजवळ राहणाऱ्या सगळ्यांनी वाचावा. पाजणं ही आईला आपसूक येणारी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. ते शिकावं लागतं, आईलाही आणि बाळालाही. शिकायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि त्या आठवड्यांत भोवतालची माणसं काय बोलतात, कोणतं काम स्वतःवर घेतात, यावर पुढचं पुष्कळसं ठरतं.

पहिले तीन दिवस

नवजात बाळाच्या पोटात पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम 5 ते 7 मिलिलिटर दूध मावतं. म्हणजे चहाचा एक चमचा. आईला येणारा चीकही त्या दिवशी थोडाच असतो. छाती दाबून पाहिली तर तो थेंब-थेंब निघतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीच नाही. प्रत्यक्षात बाळाला हवं तेवढं तिथे असतं. घट्ट, पिवळसर असा हा चीक रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला असतो. बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूला त्याचा थर बसतो आणि जंतूंना आत शिरायला वाव मिळत नाही. पोटातली पहिली काळी शी बाहेर पडायलाही तो मदत करतो, त्यामुळे कावीळ वाढण्याचा धोका कमी होतो. खरवसासाठी गाई-म्हशीचा चीक शेजारून मागून आणणारी आपण माणसं. बाईचा चीक मात्र ‘जड’ किंवा ‘घाण’ म्हणून पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती थांबायलाच हवी.

मधाचं बोट, साखरेचं पाणी, जन्मघुटी यांतलं काहीही बाळाच्या तोंडाला लावू नये. मधातून येणाऱ्या एका जंतूमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून पहिलं वर्षभर मध वर्ज्य. आजीला बाळाला काही द्यायची हौस असेल तर तिने बाळाला आईच्या कुशीत नेऊन द्यावं.

जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळ छातीशी लागावं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. बाळाला कोरडं करून उघड्या अंगानेच आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि दोघांवर मिळून पांघरूण घातलं, तर ते हळूहळू सरकत स्वतः छाती शोधतं. पहिल्या तासात बाळ चांगलं जागं असतं. नंतर ते गाढ झोपी जातं आणि संधी निघून जाते. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण 88.6 टक्क्यांवर गेलेलं दिसतं, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेल्या मुलांचं प्रमाण 41.8 टक्के एवढंच आहे. म्हणजे बाई दवाखान्यात पोचली तरी हा तास वजन करण्यात, कपडे घालण्यात आणि नातेवाइकांना बाळ दाखवण्यात जातो. नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगून ठेवा, की आई आणि बाळ ठीक असतील तर बाळ लगेच छातीवर द्या. सिझेरियन झालं तरीही हे मागता येतं. कमरेखालची भूल दिलेली असेल तर आई जागीच असते. बाळ धरायला मात्र कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास छाती भरून येते आणि दूध पांढरं, पातळ होतं. सिझेरियननंतर याला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तोपर्यंत, विशेषतः दुसऱ्या रात्री, बाळ दर अर्ध्या-पाऊण तासाला छाती मागतं. हे दूध नसल्याचं लक्षण नाही. त्या सततच्या चोखण्यानेच पुढच्या दुधाची मागणी आईच्या शरीरापर्यंत पोचते. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजनही थोडं उतरतं. जन्मवजनाच्या 7 टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची आहे. 10 टक्क्यांच्या जवळ गेली तर डॉक्टरांनी पाजणं पाहायला हवं. साधारण दोन आठवड्यांत बाळ पुन्हा जन्मवजनावर येतं.

दूध येतं कसं

बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूपर्यंत संदेश जातो आणि दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. दूध जितकं काढलं जाईल तितकं तयार होतं, उपशाच्या विहिरीसारखं. स्तन भरलेलाच राहिला तर त्या दुधातले काही घटकच पुढची निर्मिती मंदावतात.

आता ‘थोडं वरचं’ पाजल्यावर काय होतं ते पाहा. बाळाचं पोट डब्याच्या दुधाने भरतं, ते तीन-चार तास झोपतं, घरात सगळ्यांना हायसं वाटतं. त्या तीन-चार तासांत स्तन रिकामा होत नाही, शरीराला वाटतं एवढ्या दुधाची गरजच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच कमी येतं. मग आणखी एक बाटली. आठवडाभरात ‘हिला दूध पुरत नाही’ हे खरं ठरतं, पण ते मुळात खरं नव्हतं. शिवाय बाटलीची रबरी बोंडी चोखायची रीत वेगळी. काही बाळं त्या सवयीने छाती नीट पकडेनाशी होतात.

प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. म्हणून बाळंतिणीला झोप मिळावी या चांगल्या हेतूने रात्री बाटली देणं हा उलटा उपाय आहे. तिला दिवसा झोपू द्या, पाहुणे कमी करा, बाळाचे लंगोट बदला, ढेकर काढायला बाळ खांद्यावर घ्या. रात्री पाजणं तिच्याकडेच राहू द्या. ऑक्सिटोसिनचं गणित मनाशी बांधलेलं आहे. भीती, दुखणं, टोमणे यांनी पान्हा अडतो. दूध असूनही उतरत नाही. ‘आमच्या वेळी आम्हाला धो-धो दूध यायचं’ हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत कुणी बोलू नये. बाळाचा वास, पाठीवर फिरणारा हात, गरम काही पोटात जाणं यांनी पान्हा लवकर फुटतो.

बाळाला लावायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला द्यायला हवा. स्तनाला चिरा पडणं, बाळ तासन्‌तास छातीला चिकटून राहणं, वजन न वाढणं, छातीत गाठी होणं, या चारही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: बाळ फक्त स्तनाग्र तोंडात धरून आहे. दूध स्तनाग्रात नसतं. त्याच्याभोवतीचा काळसर भाग आणि त्यामागचा स्तन बाळाच्या तोंडात जायला हवा, तरच जिभेच्या दाबाने दूध बाहेर येतं.

आधी आईने नीट बसायचं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर किंवा पाटावर, मांडीवर उशी. बाळाकडे वाकायचं नाही; बाळ आपल्याकडे आणायचं. तासभर वाकून पाजलं तर पाठ आणि मान दुखते आणि दोष ‘सिझेरियनच्या इंजेक्शना’ला दिला जातो. बाळ पूर्णपणे आपल्या बाजूला वळलेलं असावं, त्याचं पोट आपल्या पोटाला लागलेलं. डोकं, पाठ आणि कंबर एका रेषेत. मान वळवून बाळाला गिळता येत नाही. डोक्यालाच नव्हे, ढुंगणापर्यंत सगळ्या अंगाला हाताचा आधार हवा. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ जवळ येत नाही, म्हणून पाजताना दुपटं सोडावं.

बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा. स्तनाग्राने त्याच्या वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. बाळ मोठा आ करेल, त्या क्षणी त्याला झटकन छातीशी ओढा, अशा बेताने की हनुवटी आधी टेकेल. मागून डोकं दाबू नका. डोकं दाबलं की बाळ उलट मागे ढकलतं. स्तन धरायचा असेल तर चार बोटं खालून आणि अंगठा वरून, काळसर भागापासून लांब. कात्रीसारखी दोन बोटांत छाती पकडण्याची सवय बऱ्याच जणींना असते. त्याने दुधाच्या नळ्या दाबल्या जातात आणि बाळाला जागा मिळत नाही.

नीट लागलं की नाही हे चार खुणांवरून कळतं. तोंड मोठं उघडलेलं आहे. खालचा ओठ बाहेर वळला आहे. हनुवटी स्तनाला टेकली आहे. काळसर भाग दिसत असेल तर तो वरच्या ओठापाशी जास्त आणि खाली कमी दिसतो. सुरुवातीला बाळ भराभर चोखतं, पान्हा फुटला की संथ, खोल घोट घेऊ लागतं आणि गिळण्याचा आवाज येतो. गाल आत ओढले जात असतील, चट-चट आवाज येत असेल किंवा आईला कळ जात असेल तर दात आवळून सहन करू नका. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटेल, मग पुन्हा लावा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी हे दोन-तीनदा करावं लागलं तरी करा.

सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचा भार नको असेल तर बाळ काखेखाली, पाय आपल्या पाठीकडे अशा रीतीने धरावं. जुळी असतील तरी ही पद्धत कामी येते. रात्री कुशीवर आडवं होऊन पाजलं तरी चालतं. झोपून पाजल्याने बाळाचा कान फुटतो ही समजूत आईच्या दुधाला लागू नाही. उताण्या बाळाच्या तोंडात बाटली देणं मात्र टाळावंच. पाजून झालं की बाळाला त्याच्या जागी पाठीवर झोपवावं. स्तनाग्र बसकं किंवा आत वळलेलं असेल तरी बाळ पिऊ शकतं, कारण ते स्तन धरून पितं. अशा वेळी दवाखान्यातल्या अनुभवी परिचारिकेची मदत पहिल्याच दिवशी मागा, चौथ्या दिवशी नव्हे.

किती वेळा पाजायचं? चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, बाळ मागेल तेव्हा. मुठी तोंडाकडे नेणं, डोकं इकडेतिकडे फिरवणं, जीभ बाहेर काढणं ही भुकेची पहिली लक्षणं, रडणं शेवटचं. रडून लाल झालेल्या बाळाला आधी शांत करावं लागतं. एका बाजूचं दूध पूर्ण पिऊ द्यावं, कारण शेवटी येणारं दूध स्निग्ध असतं आणि त्याने वजन वाढतं. मग दुसरी बाजू द्यावी. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांत बाजू बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका.

पुरतंय की नाही, हे कसं ओळखायचं

रडण्यावरून नाही. छाती मऊ लागते यावरूनही नाही. महिना-दीड महिन्यात छाती मऊ होतेच, कारण शरीर गरजेपुरतं दूध बनवायला शिकलेलं असतं. खरी खूण लंगोटात असते. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी शू वाढत जाते आणि पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिक्या रंगाची शू होते. शी काळ्याची हिरवट आणि मग पिवळी होते. डायपर लावलेला असेल तर शू मोजता येत नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस तरी सुती लंगोट बरे. दुसरी खूण वजनाची. पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला किमान 500 ग्रॅम वाढ हवी. आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन करून घ्या, माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या, आणि त्यांच्यासमोर एकदा पाजून दाखवा.

दोन-तीन आठवड्यांचं, दीड महिन्याचं, तीन महिन्यांचं असताना बाळ एकाएकी दिवसभर छाती मागू लागतं. संध्याकाळी तर सोडतच नाही. ही त्याची वाढीची धाव असते. दोन-तीन दिवस मागेल तितकं पाजलं की दूध वाढतं आणि तेही निवळतं. नेमक्या याच दिवसांत घरात डब्याचं दूध येतं.

मात्र पुढचं काही दिसलं तर वाट पाहू नका: बाळ पाजायला उठत नाही इतकं सुस्त आहे, शू कमी आणि गडद किंवा विटकरी होते, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला आहे, ताप आहे किंवा अंग गार पडतंय, दोन आठवडे उलटूनही जन्मवजन भरून आलेलं नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. काही थोड्या आयांना खरोखरच दूध कमी येतं: थायरॉइडचा विकार, बाळंतपणात खूप रक्तस्राव, छातीची जुनी शस्त्रक्रिया अशी त्याला कारणं असतात. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं लागतं आणि त्यात त्या आईचा काडीचाही दोष नसतो. वरचं द्यावं लागलं तरी आधी छाती, मग वाटी-चमचा किंवा उकळून घेतलेलं बोंडलं. बाटली नको; तिच्या खाचा स्वच्छ होत नाहीत.

सहा महिने, पाणीसुद्धा नाही

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्यात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. विदर्भातल्या मे महिन्यातही बाळाला वेगळं पाणी लागत नाही. जास्त वेळा पाजलं की पुरतं. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र वर्षभर द्यावे लागतात. डॉक्टर लिहून देतील तेवढेच द्या. ग्राइपवॉटर, बाळघुटी यांची गरज नाही.

हा एवढा आग्रह कशासाठी? अंगावर पिणाऱ्या बाळाला जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग कमी होतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची आतडी सडण्याचा एक जीवघेणा आजार असतो, त्याचा धोका आईच्या दुधाने घटतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेचा अंदाज असा, की स्तनपान जगभर पुरेसं रुजलं तर वर्षाला 8 लाख 23 हजार मुलांचे आणि स्तनांच्या कर्करोगाने होणारे 20 हजार स्त्रियांचे मृत्यू टळतील. हा दुसरा आकडा आपल्याकडे कमी सांगितला जातो. पाजल्याने बाळंतपणानंतर गर्भाशय लवकर आकुंचन पावतं, रक्तस्राव कमी होतो. पुढे स्तनांचा आणि बीजाशयाचा कर्करोग, तसंच मधुमेह यांचा धोका उतरतो. पाजणं म्हणजे आईने बाळासाठी झिजणं, असंच आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. तिच्या स्वतःच्या शरीराचंही त्यात भलं आहे हे तिला सांगायला हवं.

एक सावधगिरी. पाजत असताना दिवस राहत नाहीत, हे फक्त तीन अटी एकत्र पाळल्या तरच खरं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, रात्रंदिवस केवळ अंगावरच पितंय, आणि पाळी परत आलेली नाही. यातली एक जरी अट मोडली तरी दुसरं साधन वापरा.

दुखलं, ठणकलं, ताप आला तर

चिरा पडल्या तर पकड सुधारणं हाच खरा उपाय. पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून हवेवर वाळू द्या. साबण लावू नका. छाती दगडासारखी झाली तर पाजणं थांबवू नका, उलट वाढवा. बाळ पकडू शकत नसेल तर आधी हाताने थोडं दूध काढून पुढचा भाग मऊ करा. पाजल्यानंतर गार पाण्याच्या घड्या ठेवा. गाठ फुटावी म्हणून जोराने रगडणं सगळीकडे चालतं. ते करू नका, आतली सूज वाढते. एका बाजूला लाल चट्टा, ठणका आणि ताप असेल तर डॉक्टरांकडे जा. औषध चालू असताना त्या बाजूनेही पाजता येतं.

आईला साधा ताप, सर्दी, जुलाब झाले तरी पाजावं. तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिकारद्रव्यं दुधातून बाळाला मिळतात. क्षयरोगाच्या आईने औषधं घेत, तोंडाला मास्क लावून पाजावं. एचआयव्हीबाधित आईनेही एआरटी औषधं नियमित घेत सहा महिने फक्त अंगावर पाजावं, असं आपल्या देशाचं धोरण सांगतं. कर्करोगावरची काही औषधं आणि बाळाचे गॅलॅक्टोसेमियासारखे दुर्मीळ आजार यांत मात्र पाजणं बंद ठेवावं लागतं. कोणतंही औषध सुरू करताना ‘मी अंगावर पाजते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मिसरी आणि तंबाखू सोडा. त्यातलं निकोटिन दुधात उतरतं.

पहिल्या आठवड्यात बाळंतिणीला अकारण रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही उदासी गेली नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, तिथे मराठीत बोलता येतं.

बाळंतिणीचं ताट

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्यापेक्षा सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात. म्हणजे दिवसातून एक जादा जेवणच. प्रत्यक्षात आपल्याकडे तिचं ताट पथ्यांनी रिकामं केलं जातं. फळं नको, सर्दी होईल. पालेभाजी नको, बाळाला हिरवी शी होईल. पाणी नको, पोट सुटेल. यांतलं एकही खरं नाही. डाळ-भात, बाजरी-ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, कडधान्यं, दूध-दही, खाणाऱ्या घरात अंडी-मासे, सगळं द्यावं. तहान लागेल तेवढं पाणी प्यावं, पाजायला बसताना तांब्या-भांडं हाताशी ठेवावं. हळिवाचे आणि डिंकाचे लाडू जरूर खावे. हळिवात लोह चांगलं असतं आणि लाडवाने ताकद येते. पण मेथी, शतावरी, हळीव यांनी दूध वाढतंच असा भक्कम पुरावा नाही. दूध वाढतं ते वारंवार आणि नीट पाजल्याने. लोह-फॉलिक आम्ल आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या असतात, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

कामावर परतताना

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर देणं बंधनकारक आहे. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन जादा विश्रांती मागण्याचाही तिला हक्क आहे. हे हक्क लेखी मागा. प्रवासात असाल तर एसटी स्थानकांवरच्या हिरकणी कक्षाची चौकशी करा. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव त्या खोलीला दिलं आहे. ती कुलूपबंद असेल तर स्थानकप्रमुखांना उघडायला लावा.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. ना रजा, ना पाळणाघर. फडाच्या कडेला झोळी बांधून ती पहाटेपासून कोयता चालवते. तिला ‘डब्याचं दूध ठेवून जा’ असं सांगणं धोक्याचं आहे, कारण कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, स्वच्छ पाणी नसतं आणि त्या पाण्यातल्या दुधाने बाळाला जुलाब लागतात. तिला दर दोन-तीन तासांनी झोळीपर्यंत जाऊ देणं मुकादमाच्या आणि सोबतच्या तोडकऱ्यांच्या हातात आहे. त्यात जाणाऱ्या वेळाचा हिशेब पैशात करू नये.

दूध काढून ठेवायला यंत्र लागतंच असं नाही. हात स्वच्छ धुवा. अंगठा काळसर भागाच्या वर, बोटं खाली, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी धरा. आधी छातीच्या दिशेने आत दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. बोटं कातडीवर घासू नका. त्याच जागी दाबा-सोडा करत भोवताली जागा बदला. सुरुवातीला थेंब येतील, मग धार लागेल. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवा. आपल्या हवेत बाहेर ठेवलेलं दूध चार तासांच्या आत वापरा. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, चोवीस तास ठेवता येतं. गॅसवर उकळू नका, भांडं गरम पाण्यात धरून कोमट करा. उरलेलं उष्टं दूध पुन्हा ठेवू नका. रजा संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरच्यांनी वाटी-चमच्याने पाजायची सवय लावावी. आई घरात दिसत असताना बाळ ते घेत नाही, म्हणून तिने त्या वेळी बाहेर जावं.

बाळ वेळेआधी जन्मून अतिदक्षता विभागात असेल तर आईने पहिल्या दिवसापासून दर तीन तासांनी असंच दूध काढत राहावं, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याला उघड्या छातीशी कांगारू पद्धतीने धरावं. तिला पुरेसं येईपर्यंत दुग्धपेढीतलं दूध मागता येतं. आशियातली पहिली अशी पेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दात्या आयांची तपासणी करून, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून तिथून दिलं जातं. शेजारणीचं न तपासलेलं दूध मात्र देऊ नये. आणि दवाखान्यात कुणी डब्याच्या दुधाचा फुकट नमुना हातात ठेवला तर घेऊ नका. 1992 च्या कायद्याने अशा नमुन्यांना आणि जाहिरातींना बंदी आहे.

सोडवायचं केव्हा

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करून मऊ भात-वरण, नाचणीसत्व, कुस्करलेलं केळं, शिजवलेल्या भाज्या सुरू कराव्या आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा आईला-बाळाला हवं तेवढं पुढेही चालू ठेवावं. वर्षभरानंतरच्या दुधात कस नसतो, हे खरं नाही. सोडवताना मिरची किंवा कडुनिंबाचा पाला लावून बाळाला घाबरवू नका, आणि त्याला एकदम मामाच्या गावीही धाडू नका. आठवड्याला एक पाजणं कमी करत जा. आधी दुपारचं, खेळात विसरता येईल असं. शेवटी रात्रीचं सुटतं. त्या वेळी बाळाला थोपटायला, पाणी द्यायला, कडेवर घेऊन फिरवायला बाबांनी किंवा आजीने उठावं. आई उठली तर बाळ छातीच मागतं. छाती जड झाली तर बरं वाटेल इतपतच दूध हाताने काढावं. पूर्ण काढलं तर ते पुन्हा तेवढंच तयार होतं.